घोडा कुणाचा, लगाम कुणाच्या हाती?

साताऱ्याकडून किंवा सांगलीकडून एस.टी.ने कोल्हापुरात शिरताना कावळा नाक्यावर महाराणी ताराबाईंचा पुतळा दिसतो. मागच्या पायांवर उभा ठाकलेला घोडा आणि त्यावर स्वार झालेली राणी. आपल्यापैकी कितीतरी जणींनी तो पाहिला असेल. पोरंबाळं घोड्याकडे बघत राहतात, मोठी माणसं राणीला हात जोडतात आणि गाडी पुढे निघून जाते.

ताराबाईंबद्दल शाळेत आपण शिकलो ते एवढंच, की औरंगजेबाशी सात वर्षं झुंजली ती ही राणी. आज मला त्यांची गोष्ट जरा वेगळ्या बाजूने सांगायची आहे, घोड्याच्या बाजूने. कारण ताराबाईंचं राज्य घोड्याच्या पाठीवर उभं होतं, आणि ते हातातून गेलं तेही घोड्यांच्याच पायांनी. तो घोडा कुणाचा, त्याची मालकी कुणाकुणात वाटलेली, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हापुन्हा येतो. आणि मैत्रिणींनो, घोड्याचं नाव बदललं तर तो प्रश्न आपल्याही घरात आहेच.

तळबीडची लेक

ताराबाईंचा जन्म १६७५ सालचा. माहेर मोहित्यांचं, कराडजवळच्या तळबीडचं. वडील हंबीरराव मोहिते. १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर पडले, त्यानंतर शिवाजी महाराजांनी हंबीररावांना सरनौबत केलं. सरनौबत म्हणजे सगळ्या घोडदळाचा प्रमुख. म्हणजे ज्या घरात ही मुलगी वाढली तिथे घोडा हा रोजच्या बोलण्यातलाच विषय असणार. कुठल्या पागेत किती जनावरं, चंदी पुरेल का, नालबंद आला का, ही त्या घरची भाषा.

हंबीररावांची बहीण सोयराबाई शिवाजी महाराजांना दिलेली. तिचा मुलगा राजाराम. पुढे याच राजारामांशी ताराबाईंचं लग्न झालं, म्हणजे आत्याच्याच घरी त्या सून म्हणून गेल्या. पण हंबीरराव नात्यापेक्षा राज्य मोठं मानणारे. १६८० मध्ये महाराज गेले, तेव्हा त्यांनी सख्ख्या भाच्याची बाजू न घेता थोरल्या संभाजी महाराजांची घेतली. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत ते कामी आले. त्या वेळी ताराबाई बारा वर्षांच्या होत्या. वडील गेले, पण त्यांचं घोडदळाचं शहाणपण लेकीत उतरलेलं होतं, असं पुढचं सगळं बघताना वाटतं.

बारगीर आणि शिलेदार

आता थोडं थांबून त्या काळचं घोडदळ समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

स्वार दोन प्रकारचे असत. एक बारगीर. याच्याकडे स्वतःचा घोडा नाही. घोडा सरकारी पागेतला, त्याचा दाणागोटा सरकारचा आणि पगारही सरकारचा. दुसरा शिलेदार. हा स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन येणारा. त्याला पगार जास्त, पण घोड्याचा सगळा खर्च त्याच्याच डोक्यावर. आपल्याकडे मालकाची रिक्षा चालवणारा असतो आणि स्वतःची रिक्षा असणारा असतो, तसाच हा फरक. मालकाची रिक्षा बिघडली तर दुरुस्ती मालक बघतो. स्वतःची बिघडली की त्या दिवसाची चूल अडते.

शिवाजी महाराजांनी सरकारी पागेवर भर दिला. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ती उतरंड. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि पाण्याची पखाल वाहणारा एक पखालजी ठरलेला. शिलेदारही होतेच, पण सरकारच्या शिस्तीखाली. चिपळूणजवळ छावणीत राहिलेल्या घोडदळाला महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि गवत पावसाळाभर पुरवून वापरा, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदराने वात ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असा त्याचा आशय. वर्षाचं धान्य कणगीत भरून ते पुरवून पुरवून वापरणाऱ्या बाईला हे पत्र कुणी समजावून सांगायला नको. राजा लिहितो आहे, पण नजर अगदी घर चालवणाऱ्याची आहे!

सरकारी पागेचा फायदा सरळ होता. घोडा सरकारचा, म्हणून स्वारही सरकारचा. कुणी रुसून निघून गेला तरी घोडा ठाणावरच राहणार.

खजिना रिकामा झाला तेव्हा

१६८९ मध्ये सगळंच कोसळलं. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज निसटून दूर दक्षिणेत जिंजीला पोचले. पुढे ताराबाईही तिकडे गेल्या. १६९६ मध्ये जिंजीतच त्यांना मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवलं, शिवाजी.

किल्ले गेले, मुलूख गेला, मग महसूल कुठला? हजारो घोड्यांना रोज चंदी घालायची तर पैसा हवा, तो नव्हता. सरकारी पागा चालवणं अशक्य झालं. तेव्हा राजाराम महाराजांनी आणि त्यांच्या कारभाऱ्यांनी दुसरी वाट धरली. आपले घोडे आणा, आपली माणसं आणा, मोगलांच्या हातातला मुलूख सोडवा आणि त्यातला वाटा वतन-सरंजाम म्हणून तुम्हीच खा, असं सरदारांना सांगितलं गेलं. शिवाजी महाराजांनी ही पद्धत आवरती घेतली होती. आता नाइलाजाने ती परत आली.

याने काय झालं? घोडदळ जागच्या जागी उभं राहिलं. ज्याच्या दारात दोन घोडी होती तोही शिलेदार झाला. चार-पाच घोडी असणाऱ्याने एकावर स्वतः बसून बाकीच्यांवर आपले बारगीर बसवले. लढाईतल्या यशात प्रत्येकाचा वाटा ठरलेला, त्यामुळे प्रत्येकाला त्याची आच. औरंगजेबाने एका सेनापतीला हरवलं तरी दुसरीकडे पाच नवे उभे. एकाच मालकाची पागा असती तर ती एका छाप्यात बुडाली असती. ही पागा गावोगावच्या गोठ्यांत विखुरलेली होती.

पण दुसरी बाजूही होती. स्वतःचा घोडा मेला की शिलेदाराचं पोटच गेलं, म्हणून तो जनावराला जपणार, अंगावर मोठी लढाई घेताना दहादा विचार करणार. आणि घोडा त्याचाच, म्हणून कुणाच्या बाजूने दौडायचं हेही शेवटी तोच ठरवणार. १६९७ मध्ये संताजी घोरपड्यांसारखा सेनापती मारला गेला तो म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या हातून. हे माने कधी मोगलांकडे, कधी मराठ्यांकडे असत. घरातलं वैर आणि वतनाचा लोभ, दोन्हीही त्यात होतं. माणदेशच्या माळावर आपलाच आपल्याला मारतो, ही त्या पद्धतीची काळी बाजू.

पंचवीस वर्षांची विधवा

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. औरंगजेब तेव्हा स्वतः सातारच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. एप्रिलमध्ये तो किल्लाही पडला, जूनमध्ये परळी म्हणजे आपला सज्जनगड. ताराबाई पंचवीस वर्षांच्या, मुलगा चार वर्षांचासुद्धा पुरता झालेला नाही. बादशहाच्या छावणीत अनेकांना वाटलं, आता मराठ्यांचं संपलं. एक विधवा आणि एक लेकरू काय करणार?

ताराबाईंनी मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतःकडे घेतला. सवत राजसबाई, तिचा मुलगा, आपसात न पटणारे कारभारी, हे सगळं सांभाळून. एका गडावर बसून न राहता त्या गडागडावर फिरत राहिल्या. कोणत्या सरदाराने कुठल्या प्रांतात घुसायचं, कुणाला कुठे बदलायचं, हे त्या ठरवत. मोगलांचा इतिहासकार खाफीखान हा मराठ्यांचा मित्र नव्हे, पण या बाईची हुशारी आणि फौजेवरची पकड त्यालाही मान्य करावी लागली.

बादशहा एकेक किल्ला घेत होता. पन्हाळा १७०१ मध्ये, विशाळगड १७०२ मध्ये, मग सिंहगड, राजगड, तोरणा. वेढ्यात महिने जात, पावसाळा येई, किल्लेदार शक्य तितकं लांबवून, पैसे घेऊन किल्ला देत आणि बादशहाची पाठ वळली की मराठे तो परत घ्यायला टपलेले असत. त्याच वेळी ताराबाईंचं घोडदळ उलट बादशहाच्याच मुलखात शिरत होतं. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे नर्मदा ओलांडून माळव्यात गेले. १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत मोगलांना रतनपूरला धूळ चारली. घरात चोर शिरला असताना चोराच्याच घराला कुलूप लावून यावं, तसा हा डाव होता.

माणगंगेचा पूर आणि भीमाकाठचं तट्टू

हे जमलं कसं, याचं एक मोठं उत्तर आपल्या मातीतल्या घोड्यात आहे.

मोगलांचे घोडे तुर्की, इराणी, उंचापुरे, दिसायला देखणे. त्यांना भरपूर दाणा हवा, सपाट रस्ता हवा. आपल्याकडचं जनावर म्हणजे भीमथडीचं. भीमा, नीरा या नद्यांच्या काठचा कोरडा मुलूख आणि आपला माणदेश हा घोड्यांचा मुलूख. पूर्वी कोकणातल्या बंदरांतून अरबी घोडे उतरत. त्यांचं आणि इथल्या तट्टांचं रक्त मिसळून पिढ्यान् पिढ्या ही जात घडत गेली. उंची बेताची, पण काटक. मिळेल ते गवत खाऊन दिवसभर चालणारी आणि डोंगराच्या पाऊलवाटेवर न अडखळणारी.

१७०० च्या पावसाळ्यात परळी घेऊन मोगल फौज परत निघाली तेव्हा नद्यांच्या पुरात आणि चिखलात त्यांची किती जनावरं मेली याला गणती नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात माणगंगेच्या काठी, खवासपूरला, बादशहाची छावणी पडली असताना रात्रीत पूर आला. पळापळीत ऐंशी ओलांडलेला औरंगजेब पडला, गुडघा दुखावला आणि पुढे तो लंगडतच राहिला. एरवी बारमाही कोरडी म्हणून आपण जिला नावं ठेवतो ती आपली माणगंगा!

आता बघा, नेमक्या याच वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं. १७०४ मध्ये, म्हणजे ताराबाईंच्या कारभाराच्या ऐन मध्यावर, डार्ली नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने सीरियातल्या अलेप्पो शहरातून एक अरबी घोडा इंग्लंडला पाठवला. तो आणि आणखी दोन पूर्वेकडचे घोडे, अशा तिघांपासून शर्यतीच्या घोड्यांची थरोब्रेड जात वाढवली गेली. आज जगभरच्या रेसकोर्सवर पळणारे बहुसंख्य घोडे बापाच्या बाजूने त्या एका अरबी घोड्यापर्यंत जाऊन पोचतात. इंग्लंडात न्यूमार्केट, आयर्लंडात किल्डेअर, अमेरिकेत केंटकी, हे त्यांच्या पैदाशीचे मुलूख. आपल्याकडे पुण्याच्या आसपास असे मोठे स्टड फार्म आहेत. म्हणजे मूळ अरबी रक्त तिकडेही गेलं आणि इकडेही आलं. पण इंग्रजांनी १७९१ पासून वंशावळीची छापील वही ठेवली. कोणतं शिंगरू कुणाच्या पोटचं, मालक कोण, हे लिहून ठेवलं. आपलं भीमथडी मात्र गोठ्यात आणि आठवणीत राहिलं. मराठेशाही गेली, घोडदळ गेलं, मोटारी आल्या आणि ही जात दिसेनाशी व्हायला लागली. ती टिकली कुणामुळे? फलटण, बारामती, माण भागातल्या धनगर कुटुंबांमुळे. दिवाळीनंतर वाडा निघतो तेव्हा मेंढरं बाप्यांकडे असतात. घोड्यावर बिऱ्हाड लादणं, कोंबडी-करडं आणि लहान पोर वर बसवणं, लगाम धरून वाट चालणं हे बायकांचं काम. २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून अखेर नोंद केली. कागदावर नाव यायला तीनशे वर्षं लागली म्हणायची!

वाट्याची गोष्ट

घोड्यात वाटा ही कल्पना तशी नवी नाही. अरबस्तानातल्या भटक्या टोळ्यांत चांगली घोडी एकट्याच्या मालकीची क्वचितच असे. दोघा-तिघांचा तिच्यात वाटा. घोडी विकली तरी तिच्या पोटी येणाऱ्या पहिल्या शिंगरांवर जुन्या मालकाचा हक्क राही. हे ऐकून आपल्याकडच्या बायकांना नवल वाटायचं कारण नाही. आपण अर्धलीने शेरडं सांभाळायला देतोच की! शेळी एकीची, राखण दुसरीची, करडं निम्मी निम्मी.

आजकाल रेसच्या घोड्यांतही असंच चालतं. एक घोडा घेणं, त्याला शिकवणारा ट्रेनर, रोजचा खुराक, डॉक्टर, हा खर्च एकट्याला झेपत नाही. म्हणून चार-पाच जण मिळून घोडा घेतात, क्लबकडे नावं आणि वाटे नोंदवतात, खर्च त्या प्रमाणात आणि बक्षीसही त्या प्रमाणात. घोडा हरला किंवा लंगडला तर तोटाही वाटून.

मराठ्यांच्या शिलेदारीतला वाटा इंग्रजांनीही उचलला. १८१७ मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्सपासून त्यांच्या कित्येक पलटणी शिलेदारी पद्धतीच्या होत्या. स्वार भरती होताना घोड्यासाठी, सामानासाठी पैसे भरी. त्या हिश्शाला आसामी म्हणत. नोकरी सोडताना तो आपली आसामी दुसऱ्याला विकून पैसे घेऊन घरी जाई. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत बंद झाली.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. वाटा असला की माणूस जीव ओतून काम करतो. पण कुणाचा किती वाटा आणि कुणाचा शब्द शेवटचा हे ठरलेलं नसेल, तर अडचणीच्या दिवशी तोच वाटा सगळं फोडतो. ताराबाईंच्या बाबतीत तो दिवस १७०७ मध्ये आला.

भीमेच्या काठी खेड

त्या वर्षी अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) औरंगजेब मेला. सात वर्षं या बाईने त्याला दख्खनमध्ये अडकवून ठेवलं होतं. पण मोगलांनी जाता जाता एक डाव टाकला. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांना मे महिन्यात सोडून दिलं. अठरा वर्षं कैदेत काढलेला थोरल्या शाखेचा वारस घरी आला.

ताराबाईंनी आपला हक्क सोडला नाही. थोरल्यांच्या हातून राज्य गेलं होतं, आपल्या नवऱ्याने आणि आपण ते झुंजून परत उभं केलं, तेव्हा ते आपल्या मुलाचं, असं त्यांचं म्हणणं. आलेला मुलगा खरा शाहू नव्हेच, असाही संशय त्यांनी उठवला. सेनापती धनाजी जाधवांना फौजेनिशी पाठवलं. धनाजींनी खात्री करून घेतली, शाहू खरेच निघाले. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेच्या काठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी शाहूंना जाऊन मिळाले.

लढाई अशी फारशी झालीच नाही. सेनापतीने घोड्याचं तोंड फिरवलं, त्याच्या मागून त्याचे स्वार फिरले. ते त्याचे होते, त्याच्या सरंजामावर जगणारे. ज्या पद्धतीने औरंगजेबाला दमवलं, त्याच पद्धतीने ताराबाईंना एका दिवसात उघडं पाडलं. घोडे त्यांच्या नावावर नव्हतेच. आणि खरं बघितलं तर राज्यही त्यांच्या नावावर नव्हतं. ते मुलाच्या नावावर. हक्क नवऱ्याकडून मुलाकडे जाणारा, मधे कष्ट तेवढे त्यांचे. शाहूंची बाजू न्यायाची होती असं मानणारे पुष्कळ होते आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पण सात वर्षं राज्य वाचवणाऱ्या बाईचा त्यात स्वतःचा वाटा किती, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला.

पुढची चोपन्न वर्षं

ताराबाई खचल्या नाहीत. १७१० मध्ये त्यांनी पन्हाळा-कोल्हापूरची वेगळी गादी उभी केली. पण १७१४ मध्ये घरातच उलथापालथ झाली. सवत राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवून ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. तो मुलगा कैदेतच गेला. ज्याच्यासाठी सगळं केलं तोच राहिला नाही.

१७३० च्या सुमारास शाहू आणि कोल्हापूरकरांची वारणाकाठी झुंज झाली. राजघराण्यातल्या बायका सातारकरांच्या हाती लागल्या. शाहूंनी बाकीच्यांना मानाने परत पाठवलं. ताराबाईंनी मात्र साताऱ्यालाच राहायचं ठरवलं. कैद तिथेही होती, पण मानाची. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळणारी ती नदी दोन भावांच्या राज्यांची सीमा ठरली.

१७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजांना पुढे केलं. पण सत्ता पेशव्यांच्या हाती गेलेली. रामराजे आपलं ऐकत नाहीत असं दिसताच पंचाहत्तर वर्षांच्या या बाईने १७५० मध्ये त्यांनाच सातारच्या किल्ल्यात कैद केलं आणि पेशव्यांना आव्हान दिलं. त्यांच्या मदतीला कोण आलं? उमाबाई दाभाडे, म्हणजे आणखी एक विधवा सरदारीण. त्यांच्या वतीने दमाजी गायकवाड फौज घेऊन साताऱ्यावर आले. १७५१ मध्ये वेण्णेच्या काठी पेशव्यांकडून त्यांचा पराभव झाला. घोडे पुन्हा सरदारांचेच, ताराबाईंच्या हाती फक्त एक किल्ला. १७५२ मध्ये जेजुरीला शपथा होऊन समेट झाला. रामराजे आपले नातू नव्हेत, असं तिथे त्यांनी स्वतःच सांगितलं. सत्तेसाठी खोटं बोलल्या, हा डाग त्यांच्यावर आहे, तो पुसायचं कारण नाही. दुसऱ्याच्या नावाआडून आयुष्यभर राज्य करावं लागलेल्या बाईला शेवटी नावही दुसऱ्याचंच उसनं घ्यावं लागलं, एवढं मात्र दिसतं.

१७६१ चं पानिपतही त्यांनी ऐकलं. तिथेही रसद तुटून माणसांबरोबर घोडे उपाशी मेले होते. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, शहाऐंशीव्या वर्षी, साताऱ्यात त्या गेल्या. कृष्णा-वेण्णेच्या काठी संगम माहुलीला त्यांची समाधी आहे.

आपल्या गोठ्यातला घोडा

बचत गटाच्या कामात मी बघते, म्हैस बायको सांभाळते. शेण-घाण, वैरण-पाणी, पहाटेची धार सगळं तिच्याकडे. डेअरीचं कार्ड नवऱ्याच्या नावावर. गटाचं कर्ज तिच्या सहीने निघतं, हप्ता तिच्या जिवाला घोर, आणि म्हैस विकायची वेळ आली की तिला विचारत नाहीत. ही आपली बारगिरी. कष्ट आपले, जनावर दुसऱ्याचं.

कायद्याने वाटा दिलाय. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि साऱ्या देशात २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. पण गावात लेकीला तलाठ्याकडे बोलावतात ते बहुतेक वेळा हक्कसोड करून द्यायला. भाऊ दुखावेल, माहेर तुटेल, या भीतीने ती अंगठा उठवून मोकळी होते. कुणी सोडायचं ठरवलं तर तो तिचा निर्णय. पण काय सोडतोय, किती सोडतोय हे वाचून, समजून तरी सोडावं ना?

भांडण करा, असं मी म्हणत नाही. एका दुपारी घरातले कागद काढून बसा. सातबारा, घराचा उतारा, डेअरीचं कार्ड, बँकेचं पासबुक, गाडीचं पुस्तक. कशावर कुणाचं नाव आहे ते नुसतं बघा. जिथे आपले कष्ट आहेत तिथे आपलं नाव लागतं का, हे नवऱ्याला, सासऱ्याला शांतपणे विचारा. चांगल्या दिवसांत विचारलेलं घरात रुजतं. खेडच्या माळावर विचारून उपयोग नसतो, तोवर घोड्यांची तोंडं फिरलेली असतात.